गुलाबी रंग आला, पण कधी आला?

डाग रक्ताचा असू शकतो का, हे बघणारी कॅसल-मेयर चाचणी करायला सोपी आहे, म्हणूनच नवीन मुलं ती घाईत उरकतात. माझ्याकडे शिकायला आलेल्यांना मी आधी डागाकडे बघूच देत नाही. आधी बाटल्या. क्षपण केलेल्या (म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेने रंग घालवलेल्या) फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण रंगहीन हवं. त्यात जस्त ठेवतात ते त्यासाठीच. गुलाबी झाक दिसली की द्रावण बाद. मग खात्रीच्या रक्ताचा एक स्वॅब आणि एक कोरा, दोन्हींवर चाचणी लावा. पहिला रंगला, दुसरा पांढरा राहिला, तरच पुढे जा.

शुद्ध पाण्याने किंचित ओला केलेला स्वॅब डागाच्या कडेला हलकेच टेकवा. सगळा डाग पुसून घेऊ नका, डीएनएसाठी काही उरायला हवं. स्वॅबवर इथेनॉलचा थेंब, मग फिनॉल्फ्थॅलिनचा.

इथे थांबा. सगळी गंमत या थांबण्यात आहे. आत्ताच गुलाबी झालं, तर ब्लीचसारखा एखादा ऑक्सिडक तिथे बसलाय आणि या निकालाला काही अर्थ नाही. स्वॅब पांढराच असेल, तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडा. रक्तातल्या हीममुळे (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) पेरॉक्साइड फिनॉल्फ्थॅलिनचं ऑक्सिडीकरण झपाट्याने करतं आणि काही सेकंदांत झगझगीत गुलाबी रंग उमटतो. अर्ध्या मिनिटाने रेंगाळत आलेला रंग धरू नका. तो नुसत्या हवेनेही येतो.

नोंदीत ‘रक्त आढळले’ असं तर मुळीच लिहू नका. ‘रक्त असण्याची शक्यता’, एवढंच. बटाट्यातलं पेरॉक्सिडेझ हे विकरही हाच रंग देऊ शकतं, आणि माणसाचं रक्त की जनावराचं, हे ही चाचणी सांगत नाही. रक्ताची खात्री करायला ताकायामा चाचणी: सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी, पिसांसारखे स्फटिक दिसतात. माणसाचंच का, हे प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी सांगते. (पूर्वी प्राथमिक चाचणीला बेंझिडीन हे रसायनही वापरत. ते कर्करोगकारक निघालं, सुटलो.)

ल्युमिनॉल, म्हणजे रक्ताच्या खुणांवर फवारलं की चमकणारं रसायन, मात्र धुतलेल्या फरशीसाठी, डोळ्यांना काहीच दिसत नसेल तेव्हा. काळोख करा, कॅमेरा स्टँडवर लावून तयार ठेवा, मगच फवारा. निळी चमक थोडाच वेळ टिकते. पुन्हापुन्हा फवारत बसलात, तर डाग पातळ होऊन वाहून जाईल.