मेंदूच्या गाठीतलं अँटिसेन्स जनुक : प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे एमएस्सीच्या व्हायवात ग्लायोमावरचा (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीवरचा) प्रोजेक्ट आला की एक वाक्य ठरलेलं: ‘अँटिसेन्स जनुक घातलं, प्रथिन कमी झालं, म्हणजे आरएनए तुटला.’ त्या ‘म्हणजे’पाशीच गाडी अडते.

अँटिसेन्स जनुकाचा आरएनए, ज्या जनुकाचं प्रथिन कमी करायचंय त्याच्या आरएनएला पूरक असतो. तो केंद्रकातच त्या मूळ आरएनएशी जुळला की दुपदरी आरएनए तयार होतो. तो लांब असेल तर एडीएआर हे एन्झाइम त्यातल्या बऱ्याच ॲडेनोसिन या घटकाचं इनोसिन करून टाकतं. असा इनोसिनने भरलेला आरएनए पी-५४-एनआरबी हे प्रथिन केंद्रकातच अडकवून ठेवू शकतं. आरएनए शाबूत, फक्त बाहेर पडत नाही. मग अख्ख्या पेशींचा आरएनए काढून पीसीआर (तो मोजायची चाचणी) केला, की ‘काहीच फरक नाही’ असं दिसतं आणि पोरं ट्रान्सफेक्शनलाच (पेशींत जनुक घालण्याच्या पायरीला) दोष देत बसतात. केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे काढून मोजा. ते खरंच वेगळे निघालेत हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायच्या चाचणीवर) दाखवा: केंद्रकासाठी लॅमिन, पेशीद्रवासाठी ट्युब्युलिन. सवयीने जीएपीडीएच हे प्रथिन लावू नका, ते केंद्रकातही जातं.

सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) रँडम प्रायमरने, म्हणजे कुठेही चिकटणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांनी केलात तर मूळ आणि अँटिसेन्स दोन्ही आरएनए एकाच हिशेबात येतात. दोन्हींपैकी एकालाच चिकटणारे स्ट्रँड-स्पेसिफिक प्रायमर घ्या. प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनए) उरलेलं असतंच, तेव्हा डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या आणि आरटी (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक ट्यूबही चालवा.

जनुकाऐवजी फॉस्फोरोथायोएट ओलिगो (रासायनिक बदल केलेले छोटे अँटिसेन्स तुकडे) वापरत असाल तर जास्तच सांभाळा. ते लक्ष्य सोडून न्यूक्लिओलिनसारख्या प्रथिनांनाही चिकटतात. सलग चार जी (ग्वानिन बेस) असले तर चौपदरी रचना होते आणि लक्ष्याचा संबंध नसतानाही पेशींची वाढ मंदावू शकते. म्हणून स्क्रॅम्बल्ड (बेसेसचा क्रम उलटसुलट केलेला) कंट्रोल त्याच लांबीचा, त्याच रसायनाचा आणि त्याच बेसेसचा हवा. नुसत्या ‘अनट्रीटेड’ पेशींवर भागवलेला प्रोजेक्ट मी तरी मान्य करणार नाही.

केंद्रकं फोडताना प्रथिनं तुटू नयेत म्हणून घालायचं पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी केंद्रकं फोडायची, तीही सांगलीच्या एप्रिलमध्ये बर्फाचं पाणी झाल्यावर, तर ब्लॉटवर तुटक्या पट्ट्यांशिवाय काय दिसणार?

प्रस्तावनेत सगळे १९९३चा सी-६ या रॅटच्या ग्लायोमा पेशींचा प्रयोग देतात. आयजीएफ-१ या वाढीच्या प्रथिनाविरुद्धचा अँटिसेन्स आरएनए बनवणाऱ्या त्या पेशी टोचल्यावर रॅटच्या मेंदूतल्या गाठी ओसरल्या, हे खरं. पण तिथे प्राण्याची प्रतिकारशक्ती कामाला लागली होती. तुमच्या डिशमध्ये प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी नाहीत, तेव्हा त्या निकालाच्या जोरावर आपला निष्कर्ष लिहू नका.