बीबीसी मायक्रोचं सीरिअल कनेक्शन चालत नाही? आधी हँडशेक बघा

१९८४ मध्ये सरकारच्या क्लास प्रकल्पातून शाळांमध्ये जे कॉम्प्युटर आले ते बीबीसी मायक्रो होते, सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने तेच मशीन एससीएल युनिकॉर्न नावाने इथे काढलं, त्यामुळे ठाण्यात आजही कुणाच्या माळ्यावर एखादं निघतं. चालू केलं की बीप येतो, प्रॉम्प्ट दिसतो, मग लॅपटॉपला जोडायला गेलं की गाडी अडते. आणि लगेच कुणीतरी सांगतं चिप उडाली, बदला. कृपा करून चिप काढायला सोल्डरिंग गनला हात लावू नका. बहुतेक वेळा चिप ठणठणीत असते. अडतो तो हँडशेक, म्हणजे दोन मशीननी एकमेकांना 'पाठव' आणि 'थांब' सांगायची सोय.

पॉवर सप्लायमधला जुना फिल्टर कपॅसिटर तडकला असेल तर तो आधी बदला. बोर्डावर जांभळ्या वायरला उणे ५ व्होल्ट येतायत का बघा, ते नसतील तर सीरिअल पोर्ट चालणारच नाही. खाडीच्या दमट हवेने सॉकेटच्या पिना हिरवट झालेल्या असतात, आयसोप्रोपिलने पुसा.

यूएसबी अडॅप्टर नऊ पिनांचा, आरएस-२३२ (कॉम्प्युटरच्या सीरिअल पोर्टचं जुनं मानक) वालाच घ्या. अर्ड्युइनोसाठी मिळतो तो टीटीएल मोड्यूल (त्याला उणे व्होल्टेज झेपत नाही) इथे अजिबात लावायचा नाही, या पोर्टवर अधिक-उणे ५ व्होल्ट असतात.

आता प्लग. बीबीसीकडचा हा पाच पिनांचा गोल प्लग, डॉमिनो डिन, फाशावरच्या पाचासारख्या पिना. लॅमिंग्टन रोडला नुसतं 'पाच पिन डिन' मागितलंत तर मिडीवाला (संगीत वाद्यांचा) हातात देतील, तो यात बसत नाही. आणि खरा डॉमिनो सुलटा पण बसतो, उलटा पण बसतो, चालतो मात्र एकाच बाजूने. अंदाज लावत बसू नका, मीटर घ्या. खाली दिलीय तशी केबल जोडून लॅपटॉपकडचं नऊ पिनांचं टोक मोकळं ठेवा, त्याच टोकाला काळी प्रोब पिन ५ ला, लाल पिन ८ ला. सुरुवातीला उणे व्होल्टेज दिसेल. मग बीबीसीवर सीरिअल पोर्ट चालू करणारी आज्ञा स्टार एफएक्स २,२ (*FX 2,2) टाइप करा, रीडिंग उणेवरून अधिकवर उडी मारतं. नाही मारली तर प्लग फिरवून परत बघा. बरोबर बाजू सापडली की प्लगच्या वरच्या अंगाला नेलपॉलिशचा ठिपका द्या, हा प्रश्न कायमचा मिटतो.

केबलची जोडणी (पिनांचे आकडे लॅपटॉपकडच्या नऊ पिनांच्या टोकाचे): बीबीसीचा डेटा आउट पिन २ ला, डेटा इन पिन ३ ला, मधली ग्राउंड ५ ला, बीबीसीचा सीटीएस (समोरच्याचा 'पाठव' ऐकायची वायर) पिन ७ ला आणि आरटीएस (समोरच्याला 'पाठव' किंवा 'थांब' सांगायची वायर) पिन ८ ला.

या शेवटच्या दोन वायरींवरच मी सगळ्यात जास्त डोकं फोडलंय. 'तीन वायरी पुरतात' हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि या मशीनसाठी तो साफ चुकीचा आहे. आतली सीरिअल सांभाळणारी ६८५० चिप सीटीएसवर होकार मिळेपर्यंत पुढचं अक्षर मागतच नाही, म्हणून बीबीसी काही बाहेर सोडत नाही. म्हणजे लॅपटॉपकडून अक्षरं येतात पण बीबीसी मुका, असं दिसलं की नव्वद टक्के सीटीएस लटकतोय. आरटीएस-सीटीएस प्लगमध्येच एकमेकांना जोडून टाकले तर पाठवणं सुरू होतं खरं, पण मग लॅपटॉपला 'थांब' सांगायची सोयच उरत नाही, मोठी फाइल अर्ध्यातून विस्कटते. पाचही वायरी ओढा.

पाच वायरी असूनही लॅपटॉपवरून पाठवलेल्या लिस्टिंगमधली अक्षरं बीबीसी मधूनमधून खातोय? तर बीबीसी थांब म्हणतो तेव्हा त्याच्या बफरमध्ये, म्हणजे आलेली अक्षरं साठवायच्या जागेत, जेमतेम नऊ अक्षरांची जागा उरलेली असते, आणि बरेचसे स्वस्त अडॅप्टर स्वतःच्या पोटात साठलेलं ओकूनच मग थांबतात. जुन्या सीरिअल कार्डाला हा त्रास नव्हता म्हणून जुन्या पुस्तकांत याबद्दल काही मिळत नाही. उपाय एका ओळीचा आहे, स्टार एफएक्स २०३,१००. आता शंभर अक्षरांची जागा शिल्लक असतानाच थांब जातं. एफटीडीआय चिपचा अडॅप्टर असेल तर आणखी निवांत, तो दोन-तीन अक्षरांत थांबतो. थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्या.

बाकी सोपं. स्टार एफएक्स ७,७ आणि ८,७ म्हणजे घेणं आणि पाठवणं दोन्हीचा वेग ९६००, लॅपटॉपवर आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, आणि फ्लो कंट्रोल हार्डवेअर, ते 'नन' (None) वर राहिलं तर वरची सगळी मेहनत पाण्यात. स्टार एफएक्स २,१ दिल्यावर कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो, घाबरू नका, इनपुट सीरिअलकडे गेलंय, ब्रेक दाबलं की परत येतो. आणि ७,८ ने १९२०० मिळतं म्हणून मोहात पडू नका, त्या वेगाची खात्री बनवणाऱ्यांनीही दिलेली नाही, ९६०० वरच रहा.