निर्लेखित फोर बाय फोर घेताना: बोली लावण्याआधीची तयारी

सरकारी लिलावातली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी जिप्सी किंवा जुनी महिंद्रा घ्यायची असे मनात आले की बहुतेकजण आधी इंजिनाचा विचार करतात. माझा आग्रह उलटा आहे: आधी कागद, मग गाडी. इंजिन बांधून घेता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, सडलेला पत्रा कापून नवा बसवता येतो. पण जिची नोंदणी होऊच शकत नाही ती गाडी कितीही हुशार मिस्त्री गाठला तरी रस्त्यावर येत नाही. त्यामुळे या तयारीतले निम्मे काम घरी बसून, लिलाव सूचना समोर ठेवून करायचे आहे.

केंद्र सरकारची खाती, लष्कर, निमलष्करी दले आणि अनेक राज्य खाती आपल्या जुन्या गाड्या एमएसटीसीच्या ई-लिलावातून काढतात. ही पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतली, 1964 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी आहे. तिच्या संकेतस्थळावर खरेदीदार म्हणून नाव नोंदवावे लागते, कागदपत्रांची पडताळणी होते आणि त्यात वेळ जातो. म्हणून गाडी आवडल्यावर नोंदणीच्या मागे लागू नका, ती आधीच उरकून ठेवा. जिल्हा पातळीवरचे लिलाव मात्र अजूनही वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहीर सूचनांतून कळतात. सूचनेत ‘निर्लेखित वाहन’ हा शब्द शोधा. खात्याने ते वाहन सेवेतून रीतसर काढून टाकले आहे, असा त्याचा अर्थ. त्याखालची ‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ ही ओळ सवयीने वाचून पुढे जाऊ नका. गाडी उचलल्यावर तिच्या आत इंजिनाचे हेड नाही असे आढळले, तरी त्या ओळीमुळे तुमची तक्रार कुणी ऐकणार नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचा तपास. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या वाहनाची नोंदणी 15 वर्षांनंतर पुढे वाढवली जात नाही. अशा गाड्या नोंदणीकृत वाहन तोडणी केंद्रांकडेच जायच्या असतात. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या कामातली चिलखती व विशेष वाहने यांना सूट आहे, पण त्या सवलतीवर आपली खरेदी उभी करू नये. म्हणजे पहिल्या नोंदणीची तारीख ही तुमची पहिली चाळणी. 15 वर्षे पूर्ण झालेली तहसील कार्यालयाची किंवा पंचायत समितीची गाडी कितीही गोजिरवाणी दिसली तरी तिचा विचार सोडा. लॉटच्या, म्हणजे लिलावात एका बोलीला ठेवलेल्या मालाच्या, वर्णनात गाडी वापरासाठी विकली जाते आहे की केवळ तोडणीसाठी, हे शब्दशः वाचा. मोघम लिहिले असेल तर सूचनेतल्या संपर्क अधिकाऱ्याला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आवारातल्या माणसाने तोंडी दिलेला ‘होऊन जाईल’ हा शब्द आरटीओच्या खिडकीवर चालत नाही.

लष्करी गाडीची गोष्ट वेगळी. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 60 नुसार तिची नोंदणी संरक्षण खात्याच्या ठरलेल्या अधिकाऱ्याकडे असते, आरटीओकडे नाही. तुमच्या हाती नेहमीचे आरसी पुस्तक येत नाही; विक्रीचे पत्र, गाडीचा तपशील आणि लष्करी क्रमांक येतो. त्यावरून मुलकी नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. उत्पादनाचे वर्ष, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक त्या पत्रात स्पष्ट असतील की नाही, हे बोलीआधी विचारा. तीनपैकी एक जरी नसेल तर मी तरी हात लावणार नाही. ऑलिव्ह ग्रीन रंगाचा मोह ज्यांना आहे त्यांनी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 121 वाचावा. तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. म्हणजे रंगकामाचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात धरा.

तिसरा प्रकार जप्त आणि बेवारस गाड्यांचा. पोलीस, वन विभाग, राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्या आवारात त्या उभ्या असतात. त्यांच्यात कधीकधी खरोखर चांगली थार किंवा स्कॉर्पिओ फोर बाय फोर सापडते, कारण गाडी झिजून नव्हे, गुन्ह्यात सापडून तिथे आलेली असते. पण इथे नंबर खोटा असू शकतो, बँकेचा बोजा असू शकतो, न भरलेले दंड असू शकतात. नंबर एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकून बोजा, विम्याची मुदत, चलने पाहून घ्या. बोजा दिसला तर तो उतरवून देण्याची जबाबदारी कुणाची, हे सूचनेत लिहिलेले असायला हवे. नंबर नसलेल्या किंवा खोटा निघालेल्या गाडीसाठी त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम 57 मध्ये वाट आहे: आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावे नवा नंबर पडतो आणि मग तुमच्या नावे हस्तांतरण होते. वाट आहे, पण लांबची आहे.

हे सगळे घेऊन बोलीच्या आधीच आपल्या आरटीओत एकदा जाऊन या. लिलाव सूचनेची प्रत दाखवा आणि लिलावातल्या गाडीसाठी ते कोणकोणते कागद मागतात ते लिहून आणा. नियमाप्रमाणे फॉर्म 32 (लिलावातली गाडी आपल्या नावे करण्याचा अर्ज), शुल्क, आरसी व विम्याचे कागद, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे विक्री कायम झाल्याचे प्रमाणपत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या शासकीय आदेशाची प्रमाणित प्रत लागते. शेवटची ही प्रत लोक मागायला विसरतात. गाडी उचलून झाल्यावर त्याच कार्यालयात ती मागायला गेलात की फाइल कुठल्या कपाटात गेली इथून सुरुवात होते. गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातला कर या दोन ओळी यादीत वाढवा.

कागद पटले तरच गाडी पाहायला निघा. पाहणीचे दिवस आणि वेळ ठरलेली असते, ओळखपत्र लागते, आणि लष्करी आवारात मोबाइल बहुधा दारातच ठेवावा लागतो. म्हणून वही-पेन्सिल हवीच. सोबत चांगला टॉर्च, तारेचा ब्रश, छोटी हातोडी, फडके, लहान आरसा आणि खाली झोपायला जुने पोते. शक्य असेल तर ज्याने या जातीच्या गाड्या उघडल्या आहेत असा मिस्त्री न्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे द्या. इथे काटकसर करू नका.

सर्वांत आधी चेसिस क्रमांक. ब्रशने गंज काढा, अंक वाचा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि तो लॉटच्या तपशिलाशी एकेक अंक लावून पाहा. आरटीओचा निरीक्षकही हेच करणार आहे. अंक गंजून गेले असतील किंवा त्याजागी वेल्डिंग दिसत असेल तर तिथूनच परत फिरा.

मग गाडी खरोखर फोर बाय फोर आहे का ते पाहा. तालुक्याच्या ठिकाणी आणि पोलीस ठाण्यांत दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालतात, आणि लॉटच्या यादीत ‘जीप’ एवढाच शब्द असतो. वाकून पुढच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा आहे का पाहा. तो असेल तर तिथपर्यंत येणारा शाफ्ट आहे का पाहा. सेवेतून उतरलेल्या गाडीचे सुटे भाग दुसऱ्या गाडीला लावले जाणे नेहमीचे आहे, आणि पुढचा शाफ्ट नसला तरी गाडी मागच्या चाकांवर चालते, म्हणून तो सहज जातो. जिप्सीत शाफ्ट मोजा: तीन हवेत. तिचा ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा गिअरांचा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असतो. एक छोटा शाफ्ट त्या दोघांना जोडतो, एक पुढे जातो, एक मागे. प्रत्येक शाफ्ट हाताने पिरगाळून पाहा. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात, खडखड असेल तर ते स्वस्त काम आहे, पण ट्रान्स्फर केसच्या तोंडाशीच शाफ्ट वरखाली हलत असेल तर आतली बेअरिंगे गेली.

ट्रान्स्फरचा दांडा 2 एच (दोन चाके), 4 एच (चार चाके), 4 एल (चार चाके, कमी वेगाचा गिअर) या तिन्ही जागी पडतो का ते बसून करून पाहा. वर्षानुवर्षे न वापरलेला दांडा जाम असतो. थोडा अडला तर घाबरू नका, अजिबात हलत नसेल तर खर्च धरा. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असतील तर ते दोन्ही बाजूंना फिरायला हवेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकामागचा गोल भाग पाहा: तिथून ग्रीस आणि तेल मिसळून काळा चिखल ओघळला असेल तर सील गेलेले आहे. पाण्यातून चाललेल्या गाडीत तिथूनच पाणी आत शिरते आणि जॉइंट खराब करते. परवानगी मिळाली तर डिफरन्शियलचा तेल भरायचा बोल्ट काढून बोट घालून तेल पाहा. चहासारखे दुधाळ तेल म्हणजे आत पाणी. इंजिनाच्या डिपस्टिकवर तोच रंग दिसला तर हेड गॅस्केटपासून पुढे कुठपर्यंतही काम जाऊ शकते. बॅटरी बहुधा काढलेली असते आणि गाडी सुरू करू देत नाहीत, त्यामुळे इंजिन चालत नाही असेच समजून बोली ठरवा.

टायरकडे लोक फक्त नक्षी पाहतात. फोर बाय फोरमध्ये चारही टायर एकाच मापाचे असणे जास्त मोलाचे. पुढे एक माप आणि मागे दुसरे घालून कुणी फोर व्हील लावून गाडी चालवली असेल, तर त्याचा ताण ट्रान्स्फर केसने सोसलेला असतो.

गंजासाठी गाडी कुठे राहिली ते विचारा. अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या किनाऱ्यावर नोकरी केलेली गाडी आणि सोलापूर, बीडकडची गाडी यांत मी डोळे झाकून दुसरी निवडेन, इंजिन थोडे अशक्त असले तरी. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चेसिसला अडकतात तिथे हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर पत्रा आतून गेला आहे. बॉडीचा गंज चालतो, चेसिसचा नाही.

आता पैशांचे. आकडा उलटा काढा. समजा, तशीच स्वच्छ कागदांची, चालू गाडी बाजारात 3,00,000 रुपयांना मिळते. दुरुस्तीचे 80,000, टायरचे 30,000, उचलून आणण्याचे 12,000, नोंदणी, कर, विमा आणि रंगाचे 35,000 धरले तर 1,57,000 गेले. उरले 1,43,000, पण ते बोलीसाठी नाहीत, कारण जीएसटी बोलीच्या वर लागतो. तो 18 टक्के धरला तर बोली 1,21,000 च्या आसपास थांबते, आणि लॉट भंगार म्हणून असेल तर टीसीएसही (विक्रेत्याने खरेदीदाराकडून गोळा करायचा आयकर) त्यातूनच जातो. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही भरा, कराचा दर सूचनेतून घ्या. शेवटचा आकडा कागदावर लिहून तो घरातल्या माणसाकडे द्या. ई-लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, आणि त्या वाढलेल्या वेळातच माणसे हात सैल सोडतात.

सर्वांत मोठी बोली तुमची ठरली म्हणजे गाडी तुमची झाली असे नाही. अनेक लॉट खात्याच्या मंजुरीच्या अधीन असतात. मंजुरी येईपर्यंत अनामत रक्कम अडकून राहते आणि नंतर नकारही येऊ शकतो. होकार आला की उरलेली रक्कम भरायला मोजके दिवस मिळतात. मुदत चुकली तर अनामत जाते आणि पुढच्या लिलावांतून बादही केले जाऊ शकते. म्हणून ही रक्कम कर्जाच्या भरवशावर ठेवू नका. जुन्या निर्लेखित गाडीवर बँक सहजी कर्ज देत नाही.

डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे गाडी नेण्याची लेखी परवानगी, हातात पडली की उचलण्याची मुदत सुरू होते. ती संपली की दररोज जागाभाडे चढते. गाडी चालवत आणण्याचा विचारही नको. सरकारी वाहनांना मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 146 खाली विम्यातून सूट असते, त्यामुळे तिला कधी विमाच नसण्याची शक्यता आहे, आणि तुमच्या नावे नोंदणी अजून व्हायची आहे. क्रेन आणि सपाट ट्रक आधी ठरवा, चार हवा भरलेली चाके नसतील तर तीही न्या. आवार सोडण्याआधी विक्री प्रमाणपत्र, मंजुरी आदेशाची प्रत, गेटपास आणि पैसे भरल्याच्या पावत्या एका फाइलमध्ये आहेत ना पाहा. नावाचे स्पेलिंग, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक तिथेच उभे राहून तपासा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होते.

फॉर्म 32 चा अर्ज ताबा घेतल्यापासून 30 दिवसांच्या आत करायचा असतो. दरम्यान गाडीवरचा दिवा, सायरन, खात्याचे नाव आणि चिन्हे काढून टाका. ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे आधी करा, कारण तपासणीत तेच अडतात. सीटकव्हर आणि पुढचा बार वगैरेंच्या मागे लागू नका, पुढच्या बारसारख्या बंपर गार्डना 2017 पासून बंदीच आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांची तेले सुरू करण्याआधी बदला. काढलेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात धातूचे कण किती आहेत ते पाहा, मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा ते जास्त सांगते. नोंदणी, विमा आणि पीयूसी हाती आल्यावर फोर व्हीलची पहिली चाचणी नांगरलेल्या रानात किंवा वाळूत घ्या. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शियल नसतो, डांबरावर फोर व्हील लावून वळलात तर नुकतेच बसवलेले क्रॉस पुन्हा बदलावे लागतील.