ड्रॉ 2 : अडलेला सूर मोकळा करताना

दहा छिद्रांच्या हार्मोनिकावर पहिले काही दिवस मजेत जातात. चौथ्या छिद्रापासून सातव्यापर्यंत फुंकत-ओढत सारेगम सरळ वाजतं. मग खाली उतरून दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढावा, तर सूर निघतच नाही. निघाला तरी घोगरा, दबलेला आणि जरासा उतरलेला. याच सुराला वाजवणारे ‘ड्रॉ 2’ म्हणतात. माझे जवळजवळ दोन महिने त्याच्यापाशी गेले. वाद्यच बिघडलंय असं समजून मी दुसरं आणलं, त्यावरही तेच. तेव्हा कुठे लक्षात आलं की अडचण तोंडात आहे.

पहिल्या सहा छिद्रांत ओढलेला सूर फुंकलेल्या सुरापेक्षा उंच असतो. त्यामुळे जीभ आणि घशाचा आकार बदलून तो खाली वाकवता येतो, यालाच बेंड म्हणतात. ड्रॉ 2 दोन अर्धस्वर उतरतो, ड्रॉ 3 तर तीन. म्हणजे नवशिक्याला छळणारे हे दोन सूर मुळातच वाकायला तयार असतात. आपण जोरात ओढतो, जीभ मागे सरकून वर उचलली जाते, घसा आवळतो आणि नकळत अर्धवट बेंड होऊन बसतो. आवाज येत नाही म्हणून आणखी जोर लावायचा, की सूर आणखी गुदमरतो. हे चक्र तोडायचं तर आधी जोर सोडायला हवा, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जड गेली.

उपयोग झाला तो असा. पहिली तीनही छिद्रं तोंडात घेऊन एकत्र ओढायची. श्वास रोजच्यासारखाच, फक्त सावकाश. जांभई येताना पडजीभ वर जाते आणि घसा आतून रुंद होतो, तसा तो ठेवायचा. तीन सूर एकदम भरून वाजू लागतात. आता आतलं काहीही न हलवता ओठ हळूहळू आवळत दुसऱ्या छिद्रावर यायचं. ओठांबरोबर जबडाही मिटत जातो, तिथेच घात होतो. सूर दबला की लगेच पुन्हा तीन छिद्रांवर. एका संध्याकाळी बाजूचे दोन सूर विरले आणि मधला एकटाच, तसाच भरलेला, चालू राहिला. श्वास संपेपर्यंत मी तो सोडला नाही.

सूर बरोबर लागलाय का, हे तपासायची सोय वाद्यातच आहे. तिसरं छिद्र फुंकलं आणि दुसरं ओढलं की एकच स्वर येतो. सीच्या, म्हणजे आपल्या पांढरी एकच्या हार्मोनिकावर तो पंचम. आधी फुंकून ऐका, मग ओढा. ओढलेला कणभरही उतरला असेल तर घसा आवळलाय. आणखी एक पाहा: सूर चालू असताना नाक चिमटीत धरा. आवाज एकदम फुगला, तर श्वास नाकातून गळत होता.

आवाज वाढवायलाही फुंकरीचा जोर लागत नाही. ओठांची कोरडी कड टेकवून वाजवलं तर सूर पातळ येतो. वाद्य ओठांच्या आतल्या ओल्या भागापर्यंत घ्या, श्वास पोटातून घ्या. सातव्या छिद्रापासून गणित उलटतं, तिथे फुंकलेला सूर उंच. आठ ते दहाच्या पत्त्या, म्हणजे आत थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या पातळ जिभा, आखूड असतात, त्यांना फार थोडी हवा पुरते. जीभ ‘ई’ म्हणताना असते तशी पुढे ठेवली की त्या बोलतात. दहावा फुंकलेला सूर मला अशाच अगदी हलक्या श्वासावर पहिल्यांदा मिळाला.

हे सगळं काही आठवडे करूनही एखादा सूर अडतोच, आणि चांगल्या वाजवणाऱ्याच्या तोंडीही अडतो, तर मात्र दोष वाद्याचा. झाकण काढून पाहा. पत्तीच्या मोकळ्या टोकाशी साधारण तिच्याच जाडीइतकी फट हवी. ती फार कमी असेल तर पत्ती अडते, जास्त असेल तर हवा वाया जाते. पत्ती बोटाने दाबू नका, पातळ पट्टीने अगदी किंचित उचला आणि प्रत्येक वेळी वाजवून बघा.