आधीच्या भाडेकरूच्या नावाने वसुलीची पत्रे येत असतील तर

नव्या घरात सामान लावून होत नाही तोच पेटीत बँकेचे, फायनान्स कंपनीचे किंवा वकिलाचे पाकीट येऊन पडते. पत्ता तुमचा, नाव मात्र भलत्याचेच. दोन महिन्यांत अशी पाचसहा पाकिटे जमतात आणि मग एक दिवस दारात वसुलीचा माणूस उभा राहतो. बहुतेक लोक पाकीट फाडून फेकतात किंवा पाकिटावरच्या नंबरवर रागाने फोन करतात. दोन्हींमुळे त्रास लांबतो.

सुरुवातीलाच एक खात्री बाळगा. कर्ज माणसाच्या नावावर असते, पत्त्याच्या नाही. दुसऱ्याने बुडवलेल्या क्रेडिट कार्डामुळे किंवा वैयक्तिक कर्जामुळे त्याच घरात राहणाऱ्या तुमचा सिबिल स्कोअर घसरत नाही. घरच तारण असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती पुढे पाहू.

१. पाकीट उघडू नका, फोटो काढा. हवी ती माहिती बाहेरच असते: कोणाच्या नावे, पाठवणारा कोण, ‘न पोचल्यास परत’चा पत्ता आणि स्पीड पोस्टचा क्रमांक. पुढची-मागची बाजू टिपा आणि तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवा. आधीच्या माणसाचा किंवा घरमालकाचा नंबर असेल तर हा फोटो त्यांना जरूर पाठवा. आत चेक न वटल्याची नोटीस असू शकते, आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवसच असतात. त्या माणसाचे नुकसान टळू शकते.

२. सही करू नका, पण ‘नकार’ही लिहू देऊ नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. तुम्ही ‘नको’ म्हणालात की पोस्टमन घाईत ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो. कायद्याच्या नजरेत नकार म्हणजे बहुधा नोटीस पोचल्यासारखीच, आणि त्या माणसाच्या फाइलमध्ये तुमचा पत्ता आणखी पक्का होतो. म्हणून स्पष्ट सांगा, ‘हे इथे राहत नाहीत, घर सोडून गेले, तसा शेरा लिहा.’ साधे टपाल असेल तर पत्त्यावर एक तिरकी रेघ मारा. नाव आणि परतीचा पत्ता झाकू नका. बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा: ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. पाठवणाऱ्यास परत.’ मग ते पोस्टमनकडे द्या किंवा लाल पेटीत टाका. कुरिअरवाल्याला सही देऊ नका, ओटीपीही नाही. सोसायटीच्या वॉचमनला हे आधीच सांगून ठेवा. तुमच्या माघारी वहीत सही तोच करतो. पत्रपेटीवर जुने नाव असेल तर आजच काढा.

३. कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा. वसुली एजन्सीला नाही, मूळ बँकेला किंवा फायनान्स कंपनीला. तिच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो. मजकूर एवढा पुरे:

‘आपल्याकडून श्री. अमुक यांच्या नावे या पत्त्यावर पत्रे येत आहेत. मी येथे अमुक तारखेपासून राहतो. सदर व्यक्ती येथे राहत नाही व माझा त्यांच्या कर्जाशी संबंध नाही. मी सहकर्जदार वा जामीनदार नाही. हा पत्ता आपल्या व आपल्या वसुली एजन्सीच्या नोंदीतून काढून तसे लेखी कळवावे.’

सोबत पाकिटाचा फोटो आणि भाडेकराराचे पहिले पान, इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा वीजबिल जोडा. आधार-पॅन देऊ नका, त्याची गरज नाही. छापील प्रत स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा.

फोन टाळा. तुम्ही ज्या मोबाइलवरून फोन करता तो नंबर त्या कर्जदाराचा संपर्क म्हणून फाइलला जोडला जाऊ शकतो, आणि मग पत्रांसोबत फोनही सुरू होतात.

४. दारात माणूस आला तर. ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा, त्याचा फोटो घ्या. ‘ते इथे राहत नाहीत, बँकेला लेखी कळवले आहे’ एवढेच बोला. घरात घेऊ नका, कोऱ्या कागदावर सही नको, ‘थोडे भरून मिटवा’ला एक रुपयाही नको. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदारालासुद्धा फोन करता येत नाही. तुम्ही तर कर्जदारही नाही. धमकी दिली तर ११२.

५. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पत्रे थांबली नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा; मदतीचा क्रमांक १४४४८. पहिल्या तक्रारीची प्रत आणि पावती जोडावी लागते.

पत्रे थांबून सहाआठ महिन्यांनी पुन्हा सुरू झाली तर दचकू नका. बँका थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात आणि जुना पत्ता नव्या हाती जातो. तुमचे जुनेच पत्र नव्या कंपनीच्या नावाने पाठवायचे. फोल्डर म्हणूनच जपायचा.

घरच तारण असेल तर

पाकिटावर किंवा दारावर चिकटवलेल्या कागदावर ‘सरफेसी कायदा, २००२’ (थकीत कर्जासाठी तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा कायदा) दिसले, किंवा त्या कागदाच्या मजकुरात तुमच्या फ्लॅटचे वर्णन असले, तर ते परत पाठवून मोकळे होऊ नका. कागद वाचा. कलम १३(२) च्या नोटिशीत कर्जदाराला ६० दिवस मिळतात, त्यानंतर बँक ताबा घेऊ शकते. भाडेकरूने घरमालकाला लगेच विचारावे आणि नोंदणीकृत करार व भाड्याच्या पावत्या काढून ठेवाव्यात. घर विकत घेतले असेल तर सेरसाईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी) पोर्टलवर बोजा शोधा आणि वकील गाठा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवसच असतात.

विकत घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मालमत्ता कर आणि सोसायटीची थकबाकी घरावरच बसते. वीजबिलही काही अंशी: वारस सोडून इतर नव्या मालकाकडून महाराष्ट्रात जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकी मागता येते. ही पत्रे ‘आमची नाहीत’ म्हणून टाकू नका, विक्रेत्याकडून वसूल करा.

कोर्टाचा बेलीफ जुन्या रहिवाशाच्या नावाने सामान जप्त करायला आला तर अडवू नका, वादही नको. करार आणि टीव्ही-फ्रिजची तुमच्या नावाची बिले दाखवा आणि ‘सामान माझे आहे’ हे त्याच्या अहवालात लिहून घ्या. तरीही जप्ती झालीच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ५८ खाली त्याच कोर्टात हरकत घेता येते, पण ती सामानाचा लिलाव होण्याआधी.