पहिली वेबसाइट बनवून घेताना या चुका टाळा

रंग कोणता, लोगो डावीकडे की मध्ये, यावर पहिल्या बैठकीत तासभर जातो. काम पुढे अडतं ते मात्र बहुतेकदा वेगळ्याच गोष्टींवर. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता कोणाच्या नावावर आहे, मजकूर कोण देणार, काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, यातलं काहीच लिहून ठेवलेलं नसतं. रंग तासाभरात बदलता येतो. दुसऱ्याच्या खात्यात अडकलेलं डोमेन सोडवताना महिने जाऊ शकतात.

डोमेन डिझायनरच्या खात्यात

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. "डोमेन, होस्टिंग सगळं मी बघतो, तुम्ही निश्चिंत राहा" हे ऐकायला बरं वाटतं (होस्टिंग म्हणजे वेबसाइट जिथे ठेवतात ती भाड्याची जागा). प्रत्यक्षात नोंदणी त्याच्या ईमेलवर होते आणि नूतनीकरणाच्या सूचनाही त्यालाच जातात. उद्या त्यानं हे काम सोडलं किंवा तुमचं बिनसलं, तर रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या, लेखी मालक तोच असतो. पैसे तुम्ही दिले होते, हे रजिस्ट्रारला माहीत असण्याचं कारण नाही.

म्हणून रजिस्ट्रारकडे खातं स्वतः उघडा. नोंदणीधारक म्हणून तुमचं किंवा व्यवसायाचं नाव द्या, ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) आणि टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक पडताळणी) सुरू करा. खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलायची वाटच उरत नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनची नोंदणी केल्यावर ईमेल पडताळणीची लिंक येते. ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन तात्पुरतं बंद होऊ शकतं. नवीकोरी वेबसाइट दोन-तीन आठवड्यांत अचानक दिसेनाशी झाली, तर डिझायनरवर भडकण्याआधी आपला इनबॉक्स आणि स्पॅम फोल्डर बघा.

डोमेन आधीच अडकलं असेल तर 'हूइज' या डोमेनची नोंद दाखवणाऱ्या ऑनलाइन शोधातून रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते काढा. मालकाचं नाव गोपनीयतेमुळे तिथे बहुधा झाकलेलं असतं. मग डिझायनरकडे लेखी मागणी करा. त्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही खातं उघडायचं आणि त्यानं डोमेन त्यात ढकलायचं, हा सोपा मार्ग. नाहीतर त्यानं डोमेन अनलॉक करून ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा ट्रान्सफर कोड द्यावा. नवीन नोंदणीनंतरचे काही आठवडे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हे लक्षात ठेवा. मुदत संपून डॉट कॉम रद्द झालं, तर त्यानंतर ३० दिवस ते जादा शुल्क भरून परत मिळवता येतं. पुढे ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि मग ते सर्वांसाठी खुलं होतं.

"मजकूर नंतर देतो"

रखडलेल्या वेबसाइटींची चौकशी केली तर बऱ्याचदा डिझायनर मजकुराची वाट पाहत बसलेला सापडतो. तोवर त्यानं नमुन्याची वाक्यं भरून पान सजवलेलं असतं. तुमचा खरा मजकूर आला की तीन ओळींच्या चौकटीत अकरा ओळी येतात, आणि मंजूर झालेलं डिझाइन पुन्हा उघडावं लागतं. हे वाढीव काम कोणाच्या खर्चानं करायचं, यावरून मग वाद होतो.

आधी पानांची यादी करा. पहिल्या वेबसाइटला मुख्य पान, सेवा किंवा उत्पादनं, आमच्याविषयी, नेहमीचे प्रश्न, संपर्क आणि गोपनीयता धोरण एवढं पुरतं. प्रत्येक पानासाठी तीन ओळी लिहा: इथे कोण येईल, त्याला काय हवं असेल, वाचून झाल्यावर त्यानं काय करावं. "दर्जेदार सेवा, समाधानी ग्राहक" असलं काही पहिल्या ओळीत नको. तुमचा प्रतिस्पर्धीही तेच लिहितो. तुम्ही काय करता, कोणासाठी आणि कुठे, हे तिथे यायला हवं.

फोटो मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवू नका, दर्जा घसरतो. मूळ फाइली क्लाउड फोल्डरमधून द्या. उलट मूळ फोटो जसाच्या तसा वेबसाइटवर चढवला तर पान कूर्मगतीनं उघडतं: मोबाइलचा फोटो सहज ४००० पिक्सेल रुंद आणि ४-५ एमबीचा असतो. बहुतेक जागी १६०० पिक्सेल रुंदी, वेबपी (वेबसाइटसाठीचा हलका फोटो प्रकार) आणि २००-३०० केबी वजन पुरेसं ठरतं. लोगो मात्र एसव्हीजीमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी स्पष्ट राहणाऱ्या प्रकारात, मागून घ्या.

तीन कोटेशनं, तीन वेगळी कामं

तोंडी वर्णन करून तिघांकडून दर मागवले की आकड्यांत भलतीच तफावत येते, कारण प्रत्येकानं वेगळीच वेबसाइट डोळ्यांसमोर आणलेली असते. कामाचा तपशील एका पानावर लिहा आणि सगळ्यांना तोच पाठवा: पानांची यादी, किती भाषा, बुकिंग किंवा पेमेंट हवं का, मजकूर आणि फोटो कोण देणार, तारीख, खर्चाची मर्यादा. मर्यादा लपवून भाव कमी होतो असं अनेकांना वाटतं. खरं तर त्यामुळे अंदाजपंचे प्रस्ताव येतात.

डिझायनर काय हाती देणार हे स्पष्ट विचारा. काहीजण फक्त फिग्मा या डिझाइनच्या ॲपमधलं चित्ररूप डिझाइन देतात, आणि ते चालती वेबसाइट म्हणून उभं करायला वेगळा डेव्हलपर लागतो. जुनी कामं स्क्रीनशॉटवर न बघता स्वतःच्या मोबाइलवर उघडा, मेनू दाबून बघा आणि त्यातलं नेमकं काय त्यानं केलं ते विचारा.

करारात बदलांच्या फेऱ्या किती ते असू द्या, सहसा दोन पुरतात. फेरीचा अर्थही लिहा: सर्वांच्या सूचना एकत्र करून एकदाच पाठवल्या, की ती एक फेरी. तुमच्याकडून अंतिम होकार देणारी व्यक्ती एकच ठरवा. पैसे ३०-४०-३० अशा टप्प्यांत देता येतात, म्हणजे सुरुवातीला, डिझाइन मंजूर झाल्यावर आणि सगळ्या खात्यांचे आणि फाइलींचे ताबे मिळाल्यावर. मात्र मजकूर तुम्हीच अडवून ठेवला असेल, तर शेवटचा हप्ता रोखणं न्याय्य नाही. थीम (वेबसाइटचा तयार साचा), प्लगइन (जादा सोयीसाठीची जोडणी), फॉन्ट यांचे परवाने तुमच्या नावावर हवेत आणि दरवर्षी कशाकशाचे पैसे भरायचे तेही लिहिलेलं हवं. फुकटात मिळवलेली चोरीची थीम अपडेट होत नाही, आणि तिच्यात घातक कोड दडवलेला असू शकतो. डिझाइनचे हक्क तुमच्याकडे येतात, हे वाक्यही करारात घाला. बऱ्याच देशांत लेखी हस्तांतरणाशिवाय ते करणाऱ्याकडेच राहतात.

सुरू झाल्यावर अडणाऱ्या गोष्टी

गूगलवर वेबसाइट दिसतच नाही? वेबसाइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर असेल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग' पानावर सर्च इंजिनांना दूर ठेवणारी चौकट बघा. काम चालू असताना तिच्यावर मुद्दाम टिक केलेली असते आणि नंतर तशीच राहते. टिक काढा आणि गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, द्या. जुनी वेबसाइट होती आणि पत्ते बदलले असतील, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमची वळणसूचना, लागतं.

वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म भरला जातो, पण मेल येत नाही? फॉर्मनं बहुधा पाठवणारा म्हणून ग्राहकाचाच पत्ता लावलेला असतो. तुमच्या सर्व्हरला त्या पत्त्यावरून मेल पाठवायची परवानगी नसल्यानं तो स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा ठेवा, ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू' (उत्तर जिथे जाईल तो पत्ता) मध्ये टाका आणि मेल एसएमटीपीमार्फत, म्हणजे तुमच्या मेल खात्यात लॉगिन करून, पाठवा.

नवी वेबसाइट लागली त्याच दिवशी ऑफिसचे मेल बंद पडले, तर नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलताना एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या नोंदी, मागे राहिल्या असं समजा. मेल सेवेच्या मदत पानावरून त्या पुन्हा भरा, सोबत मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्याही. बदल करण्याआधी सगळ्या डीएनएस नोंदींचा (डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठे आहेत हे सांगणाऱ्या नोंदींचा) स्क्रीनशॉट काढलेला असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. अनेकदा नेमसर्व्हर बदलायची गरजही नसते. होस्टिंग कंपनीनं दिलेला आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) डीएनएसमधल्या 'ए' नोंदीत भरला आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची नोंद तपासली, की वेबसाइट नव्या जागी जाते आणि मेलला धक्का लागत नाही.