बांधून घडवलेल्या कवटीतल्या रक्तवाहिन्यांच्या खुणा कशा वाचाव्यात

माझ्याकडे कवट्यांचे स्कॅन वाचायला शिकणाऱ्यांना मी सुरुवातीला आत डोकावूच देत नाही. आधी बाहेरून बघा. काही समाजांत डोक्याला ठराविक आकार यावा म्हणून टाळू भरायच्या आत, जन्मानंतर लवकरच बाळाचं डोकं बांधायला घेत. कशानं आणि कसं बांधलं ते कळल्याशिवाय आतल्या रेघांचा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी हाडाच्या आतल्या बाजूला पाडलेल्या खाचांचा, अर्थ लावू नये. पुढून-मागून फळ्या किंवा गाद्या दाबल्या असतील तर कवटी आखूड होते आणि बाजूंनी फुगते. पट्टी गोल गुंडाळली असेल तर वर आणि मागे लांबते. कोरोनल शिवणीच्या (कपाळाचं हाड आणि मागची हाडं यांच्या आडव्या सांध्याच्या) मागे बऱ्याचदा आडवा खळगाही सापडतो. डेम्बो आणि इम्बेलोनी या अभ्यासकांनी १९३८ मध्ये केलेली फळीची आणि पट्टीची ही विभागणी अजून कामाला येते. पेरूच्या पाराकासची कवटी असो की कार्पेथियन खोऱ्यातली (हंगेरीच्या आसपासची) हूणकाळातली, पहिला प्रश्न हाच.

एक खात्री मात्र आधी करून घ्या. मातीच्या भारानं वाकडी झालेली कवटी चुकून बांधलेली समजली जाते. भारानं दबलेल्या कवटीत शिवणी उसवलेल्या दिसतात, वाकडेपणा तिरका असतो, जबडा सांध्यात नीट बसत नाही.

कवटी हातात घ्यायची तर परवानगी घेऊनच, आणि दोन्ही हातांनी. डोळ्याच्या खोबणीत बोटं घालून उचलणाऱ्याला मी परत हात लावू देत नाही. आतला ठसा घ्यायला पूर्वी लेटेक्स ओतत. जुन्या, भुसभुशीत हाडावर ते करू नका, आतल्या थराचे पापुद्रे ठशाबरोबर निघून येतात. सीटी स्कॅन बरा. काप मिलिमीटरपेक्षा जाड असतील तर बारीक फांद्या हरवतात, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे मागा, आणि हाडासाठीच्या फिल्टरनं तयार केलेले. थ्रीडी स्लायसर हे स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पोकळी भरून आतला साचा काढला की खाच उंचवट्यासारखी वर येते. स्कॅन नसेल तर फोरामेन मॅग्नममधून, म्हणजे कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून, छोटा आरसा आणि तिरका उजेड. तिरका हा शब्द महत्त्वाचा. समोरून टाकलेल्या उजेडात उथळ खाचा दिसतच नाहीत.

आता मुख्य वाहिनी, मिडल मेनिंजियल, म्हणजे मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी. ती कवटीच्या तळाच्या स्फेनॉइड हाडातल्या फोरामेन स्पायनोसम या छोट्या छिद्रातून आत येते, तिथूनच सुरुवात करा. थोड्या अंतरावर पुढची आणि मागची अशा दोन फांद्या होतात. पुढची टेरिऑनपाशी, म्हणजे कानशिलाजवळ हाडं जुळतात तिथे, कधी कधी हाडाच्या बोगद्यातच शिरते. रेघ अचानक संपली म्हणून घाबरू नका, थोडं वर ती परत निघते. पुढे ती कोरोनल शिवणीच्या मागून पॅरायटल हाडावर (डोक्याच्या वरच्या-बाजूच्या हाडावर) चढते. दोघींच्या मधली फांदी कुठून निघते, पुढचीतून, मागचीतून की दोन्हींतून, हे लिहून ठेवा. आणि या खाचा फक्त धमनीच्या आहेत असं धरून चालू नका. शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रेडरिक वुड जोन्स यांनी १९१२ मध्येच दाखवलं होतं की त्यांत सोबतच्या नीलांचा वाटा मोठा आहे. म्हणून माझ्या तक्त्यात ‘धमनीची खाच’ असा रकाना नाही, ‘वाहिनीची खाच’ असा आहे.

खरी खाच नदीच्या उलट वागते: उगमापाशी रुंद, पुढे फाटत फाटत बारीक. तिच्या कडा गुळगुळीत असतात. झाडाच्या मुळाची खूण दिशा पाळत नाही, कुठूनही कुठेही जाते आणि बाहेरच्या पृष्ठभागावरही सापडते. तडा धारदार असतो. लहान मुलाच्या कवटीत खाचा मुळातच उथळ. तिथे ‘बांधल्यामुळे पुसल्या’ असं लिहायची घाई करू नका.

मोजताना नेहमीच्या फ्रँकफर्ट पातळीवर (डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड जोडणाऱ्या पातळीवर) फार भिस्त ठेवू नका, कारण बांधल्यानं कवटीचा तळही बदलतो. मी फोरामेन स्पायनोसम शून्य धरते आणि वाहिनीच्या कडेकडेनं अंतर घेते: पहिला फाटा कुठे, कोन किती, शिवणीपासून किती लांब. डावी-उजवी वेगळी. बांधलेलं नसलेल्या डोक्यातही दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात.

मागच्या बाजूला नीलांचे रुंद चर. कवटीच्या मधल्या रेषेवरून मागे जाणारा सॅजिटल चर बहुतेकदा उजवीकडे वळतो; तुमच्या कवटीत कुठे वळला ते टिपा. फळीचा दाब नेमका याच भागावर आलेला असतो, म्हणून इथे वेळ द्या. ऑक्सिपिटल (डोक्याच्या मागच्या) हाडावरून फोरामेन मॅग्नमकडे उतरणारा जादा चर आहे का बघा, आणि पॅरायटल व मॅस्टॉइडची (कानामागच्या हाडाची) निर्गम छिद्रंही, म्हणजे नीला हाडातून बाहेर जातात ती छिद्रं, मोजा. मधल्या रेषेलगतचे लहान खड्डे वाहिन्यांचे नव्हेत; ते अरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशनचे, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या बारीक गाठींचे, वयाबरोबर वाढणारे.

तक्त्यात ‘नाही’ आणि ‘दिसू शकत नाही’ हे दोन वेगळे पर्याय ठेवा. हाड तुटलेल्या जागी ‘नाही’ लिहिलं की पुढची सगळी टक्केवारी बिघडते, आणि ती चूक नंतर कुणाला सापडत नाही.

तुलना त्याच स्थळाच्या, त्याच काळाच्या न बांधलेल्या कवट्यांशी करा. दुसऱ्या खंडातल्या कवट्या शेजारी ठेवल्या तर वंशपरंपरेचा फरक बांधण्याच्या नावावर जमा होतो. तशा कवट्या मिळत नसतील तर आकाराचं वर्णन करा, कारण सांगू नका. आणि काही आठवड्यांनी तोच साचा आधीची नोंद न बघता पुन्हा रेखा; दोन्ही वेळा न जुळलेल्या फांद्या मोजणीत धरू नका.